लाखाच्या आतली गाडी

परभणीहून जिंतूरकडे निघालं की झरीनंतर बोरी लागतं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या चारचाक्यांच्या पाट्या वाचत गेलं, तर एमएच २२, म्हणजे परभणीच्या, बऱ्याच दिसतात. पण एमएच १२ आणि १४, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्याही दिसतात. छत्रपती संभाजीनगरची २०, ठाण्याची ०४, वाशीची ४३. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर तोच राहतो. त्यामुळे ती कुठून आली हे पाटी सांगते. कशी आली आणि किती हातांतून आली, हे सांगत नाही.

शहरात नवी घेतलेली गाडी सहा-सात वर्षांनी विकली जाते. दुसरा मालक जिल्ह्याच्या ठिकाणचा, तिसरा बोरीसारख्या मोठ्या गावातला, चौथा आसपासच्या वस्तीवरचा. प्रत्येक पायरीला किंमत उतरते, खर्च मात्र उतरत नाही. नवी गाडी घेतलेल्या माणसाला क्लच प्लेट ज्या भावात मिळते, त्याच भावात ती पंचाहत्तर हजारांना जुनी घेणाऱ्यालाही मिळते. पहिल्याच्या दृष्टीनं तो किरकोळ खर्च असतो. दुसऱ्यासाठी तो गाडीच्या किमतीचा बारावा-तेरावा हिस्सा असतो. स्वस्त गाडीचा सगळा पेच इथं आहे.

दिवाळीच्या तोंडावर

सोयाबीन मोंढ्यात गेलं, पट्टी हातात पडली, दुकानाची आणि खताची उधारी फिटली, आणि त्यातूनही काही उरलं, तर घरात चारचाकीचा विषय निघतो. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्यात अनेकांचं पीक पाण्यात बसलं, त्यामुळे कैक घरांत तो निघालाच नाही. ज्यांच्या घरी निघाला त्यांनीही आकडा आधीच ठरवून टाकला होता : लाखाच्या आत.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे ९५ हजारांची गाडी ही हमीभावानं जवळजवळ १८ क्विंटल सोयाबीन. मोंढ्यात माल हमीभावाखाली जातो तेव्हा हाच आकडा वीस-बावीस क्विंटलवर चढतो. गाडी बघायला निघण्याआधी तिची किंमत अशी क्विंटलमध्ये मोजली, तर पाय थोडे जमिनीवर राहतात.

नव्या गाडीचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि सगळ्यात स्वस्त नव्या गाडीची शोरूममधली किंमत साडेतीन लाखांच्या आसपास उतरली. त्यावर राज्याचा ११ टक्के वाहन कर आणि विमा धरला, की ती रस्त्यावर येईपर्यंत चार लाख ओलांडते. नव्या गाडीला बँक कर्ज देते. चौदा वर्षांच्या गाडीला सहसा कोणी देत नाही, तिथं रोखच मोजावी लागते. एक गोष्ट मात्र घेणाऱ्याच्या बाजूनं झाली आहे. नवीचा भाव उतरला की जुनीचाही उतरायला हवा. विकणाऱ्याच्या डोक्यात अजून जीएसटी उतरण्याआधीचा भाव असतो, नवीचा भाव उतरल्याची आठवण त्याला करून द्यायला हरकत नाही.

लाखाच्या गाडीचं स्वप्न जुनंच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी कित्येक वर्षं डॉक्टर, वकील आणि टॅक्सीवाल्यांची गाडी राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि नोकरदारांच्या दारात चारचाकी उभी राहिली. १९९८ च्या डिसेंबरात पिंपरीहून इंडिका निघाली आणि डिझेलवर चालणारी घरची गाडी खेड्यापाड्यांत पोचली. मग जानेवारी २००८ मध्ये नॅनो दाखवली गेली. दुचाकीवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाला लाखात चारचाकी, असा रतन टाटांचा शब्द होता. नॅनो बंद पडली. पण दुचाकीवरच्या त्या कुटुंबाला लाखात गाडी मिळाली खरी. जुन्या बाजारानं ती दिली, फक्त ती नवी नव्हती आणि तिच्यासोबत हमीचा कागद नव्हता.

आधी पाय, मग चाकं

गाडी घ्यावी का, या प्रश्नाआधी गाडी किती चालणार, हा प्रश्न येतो. बोरीसारख्या गावात चारचाकीची कारणं ठरलेली असतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना परभणीच्या दवाखान्यात न्यायचं. रात्री-बेरात्री कोणाचं दुखलं-खुपलं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही. लग्नसराईत बायका-पोरांना उन्हात दुचाकीवर न्यायचं नाही. पोरीच्या सासरी दिवाळीला जायचं. यातलं एकही कारण खोटं नाही. पण यातली बहुतेक कामं महिन्यातून दोन-तीनदाच येतात.

आता एक आकडेमोड करून बघा. समजा गाडी सगळी डागडुजी धरून १ लाख १५ हजारांना पडली आणि चार वर्षांनी ४० हजारांना गेली. म्हणजे वर्षाला साधारण १९ हजार रुपयांची झीज. पेट्रोलला लिटरमागं १४ किलोमीटरची सरासरी धरा. परभणी जिल्ह्यात पेट्रोल शंभराच्या कितीतरी वर आहे. हा भाग इंधन डेपोपासून लांब, टँकर मनमाडकडून येतो, वाहतूक वाढते. राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये परभणीचं नाव बातम्यांत गाजलं, ते त्यामुळेच. म्हणजे नुसत्या पेट्रोलचे किलोमीटरला साडेसात रुपये.

महिन्याला पाचशे किलोमीटर चालवली, देखभालीला वर्षाला १५ हजार धरले आणि वर विम्याचे अडीच हजार, तर किलोमीटर साधारण १४ रुपयांना पडतो. दोनशेच किलोमीटर चालवली, तर देखभाल १० हजारांवर आणली तरी तोच किलोमीटर २१ रुपयांच्या आसपास जातो. गाडी दारात उभी राहिली तरी झिजते, विमा मागते, बॅटरी उतरवून घेते. गावातला भाड्याचा गाडीवाला किलोमीटरला काय घेतो ते विचारा आणि हे दोन आकडे त्याच्या शेजारी ठेवा. चालणं कमी असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडते, हे कागदावर स्पष्ट दिसतं. तरीही रात्री दोनला भाड्याचा फोन उचलला जाईल याची खात्री नाही, म्हणून कोणी गाडी घेत असेल तर तोही हिशेबच आहे. फक्त तो आपण कशासाठी पैसे मोजतोय हे ओळखून करावा.

सातची वेळ, सहाला हजर

बोरीजवळच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्यानं आईच्या दवाखान्यासाठी गाडी बघायचं ठरवलं, तेव्हा त्यानं सोबत गॅरेजवाल्या चाचांना घेतलं. मागून मीही. गाडी २०११ ची, लहान, पेट्रोल, पुण्याच्या पासिंगची. विकणारा तिचा तिसरा मालक. मागणी ९५ हजार.

चाचांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "सातला येतो म्हणून सांगा, अन् सहाला जाऊ. गाडी थंड पाहिजे." गरम इंजिन पटकन सुरू होतं, आवाज लपवतं, धूर कमी दाखवतं. पोचताच चाचांनी बोनेटवर तळहात ठेवला. गार होतं. विकणारा अजून दात घासत होता.

किल्ली फिरवण्याआधी बोनेट उघडलं. डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल काळं होतं, आणि खुणेच्या जरा खालीच. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं असतं. आत कूलंटऐवजी गंजाचं तांबूस पाणी निघालं. वर तेलाचा तवंग मात्र नव्हता. तवंग असता, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय असती, तर पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतंय, हेड गॅस्केट गेलंय असं समजायचं.

मग गाडी सुरू केली. चाचा सायलेन्सरच्या मागं उकिडवे बसले. पहिल्या दोन-चार सेकंदांत निळसर धूर आला आणि विरला. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. चाचांनी चालू इंजिनवरचं तेलाचं झाकण काढलं. आतून वाफेचे बारीक ठोके आले. याला गॅरेजवाले बॅक कंप्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की वायू खाली उतरतो आणि तिथून बाहेर येतो.

"थोडं तेल खायलीय," चाचा म्हणाले. "लगेच मरत नाही. पण खायलीय."

विकणारा म्हणाला, "चाचा, काय पण! हायवेला शंभरच्या खाली येत नाही गाडी."

चाचांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. ते जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली गेले. इंजिनपाशी जितका वेळ घालवला त्याच्या दुप्पट त्यांनी खाली घालवला. पायदानाची पट्टी, चाकांच्या कमानी, शॉकअप जिथं बसतात ती जागा, सगळं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं. पत्रा कोरा वाजला पाहिजे. भरडा आवाज आला की आत गंज. मग पायाखालचं मॅट उचललं, डिकीतलं जादा चाक बाहेर काढून त्याखालचा खड्डा पाहिला. डाव्या दरवाज्यावर चुंबक लावलं, ते चिकटलं नाही. म्हणजे तिथं पत्र्यावर लांबी भरलेली. दरवाज्याची रबरी पट्टी ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले. कंपनीचे ठिपके एका मापात असतात. गाडी मोठ्या अपघातात कापून जोडलेली असेल तर ते वेडेवाकडे येतात. इथं ते सरळ होते.

"दरवाजा घासलाय, धक्का बसलेला नाही," चाचा कपडे झटकत म्हणाले. "हे बघा, इंजिन मी बांधून देतो. क्लच टाकून देतो. पत्रा सडला तर कुठवर शिवू?"

भाव पाडायच्या गोष्टी, परत फिरायच्या गोष्टी

चाचांच्या या एका वाक्यात जुन्या गाडीची सगळी परीक्षा आली. गाडीत दोष निघणारच. चौदा वर्षांच्या गाडीत दोष नाही असं सांगणारा एक तर गाडी ओळखत नाही, किंवा आपल्याला ओळखून आहे. दोष किती हे मोजण्यापेक्षा ते कोणत्या जातीचे आहेत हे बघायला हवं. जे गावातल्या गॅरेजमध्ये ठरावीक पैशांत दुरुस्त होतं, ते भाव पाडायचं कारण. जे कुठंच दुरुस्त होत नाही, ते परत फिरायचं कारण.

भाव पाडायच्या गोष्टींची यादी मोठी आहे, आणि ती मोठी असणं घेणाऱ्याच्या फायद्याचं आहे. क्लच बघायचा असेल तर हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सात वर्षांचं रबर मराठवाड्याच्या उन्हात कडक होतं. एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो, तेव्हा रेडिएटरचा पंखा किंवा पंप कमजोर असला की गाडी जिंतूर रस्त्यावर आडवी होते. बॅटरी, ब्रेक, शॉकअप, सगळ्यांचे भाव फोनवर विचारता येतात. ते कागदावर लिहा आणि मागणीतून वजा करा.

किलोमीटरचा आकडा या यादीत धरूच नका. मीटर मागं घेणं अवघड राहिलेलं नाही. मीटर ४८ हजार दाखवत असेल आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं असेल, तर पॅडलचं ऐका. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर तिथं तारखेवार किलोमीटरची नोंद असते. मालकाला सोबत घेऊन ती पाहता येते.

परत फिरायच्या गोष्टी तीनच. पहिली, सांगाड्याचा गंज किंवा कापून जोडलेली गाडी. दुसरी, पुरात बुडालेली गाडी. २००५ ची मुंबई, २०१५ चं चेन्नई, २०१९ आणि २०२१ चं सांगली-कोल्हापूर, आणि २०२५ चा मराठवाडा. पुरातून निघालेली गाडी धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात विकली जाते. ती ओळखायला सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाची रेघ राहते, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीटखालचे स्क्रू आणि फ्यूजच्या डबीतल्या पट्ट्या गंजल्यात का बघा. अशा गाडीचं वायरिंग आज चालतं, उद्या चालत नाही, आणि का चालत नाही हे कोणालाच सापडत नाही. तिसरी गोष्ट कागद.

सातबारा बघितल्याशिवाय

शेत घेताना बोरीतला कोणताही माणूस आधी सातबारा काढतो. फेरफार बघतो, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे का बघतो, मग बांधावर जातो. गाडी घेताना तोच माणूस आधी गाडीतून चक्कर मारून येतो, पैसे देऊन टाकतो आणि कागद नंतर बघू म्हणतो. आरसी हा गाडीचा सातबारा आहे, आणि त्यावरही बोजा चढतो.

पहिल्यांदा मुदत बघायची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० झाली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. म्हणजे २०११ ची गाडी घेणाऱ्यानं २०२६ चा हा खर्च आधीच किमतीत धरला पाहिजे. विकणारा नेमकी आत्ताच का विकतोय, याचं उत्तर बऱ्याचदा इथंच सापडतं.

मग परराज्याच्या गाड्या. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानं बंदी आली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि तिथल्या चांगल्या-वाईट गाड्या मातीमोल भावानं देशभर गेल्या. १२ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयानं तिथल्या जुन्या गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं, तरी धास्ती गेलेली नाही. अशी गाडी मोहात पाडते. पण बाहेरच्या राज्याची गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथली एनओसी, इथला कर आणि इथला नवा नंबर लागतो. ते सगळं मिळवून गाडी नावावर होईपर्यंत स्वस्ताई संपते.

सगळ्यात मोठी खोड बाँडची. पाचशेच्या बाँडवर नोटरी केली, सह्या झाल्या, पैसे दिले, म्हणजे गाडी आपली झाली असं गावोगाव समजलं जातं. पूर्वी बाँड शंभराचा होता, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. कायद्याच्या लेखी त्यानं काही बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसीही लागते.

नाव बदललं नाही तर काय होतं? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एकच गाडी दोन-तीन हातांतून पुढं गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला, एकाचा जीव गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, असा निकाल दिला. गाडी कधीच विकली होती हे सांगून तो सुटला नाही. म्हणजे नाव बदलून देण्यात खरा जीव विकणाऱ्याचा अडकलेला असतो. हे त्याला नीट समजावलं, तर टाळाटाळ करणारा माणूस स्वतः आरटीओत यायला तयार होतो. घेणाऱ्याचाही अडकतो : गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव ताडून बघते, आणि दावा अडतो.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक आहे ते, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी, बोजा हे दिसतं. ई-चलनं वेगळी बघावी लागतात. पुण्या-मुंबईत फिरलेल्या गाडीवर ती साचलेली असू शकतात. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला असतो, तो आरसीशी एकेक आकडा जुळवा. बाहेरून बसवलेलं गॅसचं किट असेल, तर ते आरसीवर चढलेलं आहे का आणि सीएनजी टाकीची तीन वर्षांनी होणारी तपासणी झालीय का, हेही विचारा. घरगुती सिलिंडरवर चालणारी व्हॅन कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्यात पोरांना बसवू नका.

त्या पुण्याच्या पासिंगच्या गाडीचा नंबर ॲपवर टाकला, तेव्हा ती अजून पहिल्याच मालकाच्या नावावर आणि त्याचा बोजाही चढलेलाच निघाला. विकणारा म्हणाला, "कर्ज कधीच फिटलंय हो." फिटलं असेलही. पण बँकेचा दाखला आणि नमुना ३५ आरटीओत गेल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा उतरल्याशिवाय नाव चढत नाही. तिसऱ्या मालकानं पहिल्याच्या बँकेकडून कागद आणायचा, म्हणजे पुण्याच्या खेपा. चाचांना यात काही करता येण्यासारखं नव्हतं. ते पानटपरीकडे गेले.

कंपनी गेली, पाटी राहिली

लाखाच्या आत कधी कधी मोठी, दणकट, देखणी गाडी मिळते. तिच्यावरच्या कंपनीच्या पाटीकडे बघा. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये शेवरोलेची भारतातली विक्री थांबवली. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं. या गाड्या वाईट नव्हत्या, काही तर उत्तम होत्या. पण एखादा सेन्सर किंवा दिव्याची काच हवी झाली की परभणीतला दुकानदार मान हलवतो, आणि मग संभाजीनगर, पुणे, कुरिअर, आठवडा. ज्या गाड्या रस्त्यावर लाखांनी आहेत त्यांचे भाग नवे-जुने कुठंही मिळतात, आणि त्या कोणत्याही मिस्त्रीच्या हातातल्या असतात. बोरीत राहणाऱ्यानं गाडी निवडताना कंपनीच्या नावाआधी बोरीतल्या मिस्त्रीचा हात कशावर बसलाय ते विचारावं.

यात आता पेट्रोलची भर पडलीय. पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं झालंय. एप्रिल २०२३ आधीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींची सरासरी ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असं म्हटलं होतं. जुन्या नळ्या, वॉशर, गॅस्केट यांचं रबर इथेनॉलनं लवकर फुगतं किंवा चिरतं. त्यामुळे गाडी घेतल्यावर इंधनाच्या नळ्या एकदा बदलून घेतलेल्या बऱ्या. खर्च थोडा आहे, आग लागण्याची भीती मोठी आहे.

पाहुण्याची गाडी

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढं २००१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. मुद्दा साधा : गाडीत काय दडलंय हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतो तो वाईट माल.

यावर गावाचं उत्तर ओळख हे आहे. गुरुजींची गाडी, डॉक्टरांची गाडी, मेव्हण्याची गाडी. ती कशी वापरली हे आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि तिला दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही. पण ओळखीच्या गाडीला एक नवाच रोग असतो. मेव्हण्याच्या गाडीखाली पोतं टाकून कोण जाणार? पाहुण्याला "बोजा उतरवून आण" असं कोण म्हणणार? भाव पाडला तर बहिणीला ऐकावं लागतं. न पाडता घेतली आणि महिन्यात इंजिन बसलं, तर पुढच्या लग्नात तोंडं फिरतात. नाव बदलायचं तर राहूनच जातं, कारण घरातलीच तर गाडी. त्यामुळे माणूस ओळखीचा बघावा आणि व्यवहार अनोळख्यासारखा करावा. मिस्त्री सोबत घेऊन जाण्यात अपमान नाही हे आधीच सांगून टाकलं, की पुढचं सोपं जातं.

मग घ्यायची की नाही?

त्या शेतकऱ्याचा हिशेब असा बसला. क्लचचे सहा हजार, चार टायरांचे तेरा, बॅटरीचे चार, इंजिन तेल खातंय त्याचं काही, असं मोजून दाखवल्यावर ९५ चा भाव ७८ हजारांवर आला. त्यावर ही डागडुजी, एनओसी आणि नाव बदलायचा खर्च, हजार सीसीच्या आतल्या गाडीचा फक्त तृतीय पक्षाचा विमा २,०९४ रुपये अधिक जीएसटी, नवी उच्च सुरक्षा पाटी ७४५ रुपये अधिक जीएसटी, आणि पुढच्या वर्षीचं नूतनीकरण. बेरीज १ लाख १५ हजारांच्या घरात. म्हणजे ७८ हजारांच्या गाडीला खरे पैसे त्याच्या दीडपट लागतात. लाखाच्या आतली गाडी घ्यायची तर लाखाच्या आतली रक्कम पुरत नाही. किमतीच्या एक तृतीयांश ते निम्मी रक्कम वेगळी बाजूला नसेल, तर गाडी बघायलाच जाऊ नये.

त्यानं इसार म्हणून पाच हजार दिले आणि पावतीवर अट लिहून घेतली : पहिल्या मालकाचा बोजा उतरवून पुण्याची एनओसी आली तरच व्यवहार, नाहीतर इसार परत. विकणाऱ्यानं कुरकुर केली, मग सही केली. आईला पुढचा महिना भाड्याच्या गाडीनं परभणीला न्यावं लागणार आहे. घरच्यांना हे फारसं पटलेलं नाही, कारण त्यांना गाडी दिवाळीला दारात हवी होती.

माझ्या मते त्यानं बरोबर केलं. लाखाच्या आतली चौदा वर्षांची गाडी घेण्यासारखी असू शकते. तिचा पत्रा कोरा वाजला पाहिजे, ती पुरात बुडालेली नसावी, तिचे भाग परभणीत मिळायला हवेत, घरात महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटरचं खरं काम हवं, आणि विकणारा आरटीओच्या खिडकीपर्यंत यायला तयार हवा. बाकी सगळं चाचा बघून घेतील. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर भाव कितीही खाली आला तरी ती महागच पडते.

आणि गाडी घेतलीच, तर नारळ पहिल्या दिवशी फोडा. पेढे मात्र नवं नाव असलेली आरसी पोस्टानं घरी आल्यावर वाटा.